मदत हवी आहे: पक्षाघातानंतर टीडीसीएस कुणी करून पाहिलंय का?

नमस्कार मंडळी. सात महिन्यांपूर्वी बाबांना मेंदूच्या डाव्या बाजूला पक्षाघात झाला. काठी घेऊन चालतात, पण उजवी मूठ उघडत नाही आणि शब्द ओठांवर येऊन अडतात. फिजिओथेरपिस्टनी टीडीसीएस सुचवलंय, म्हणजे डोक्यावरून मेंदूला सौम्य वीजप्रवाह देण्याचा उपचार. मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज डोक्यावर ठेवून १ ते २ मिलिअँपिअरचा प्रवाह साधारण २० मिनिटं द्यायचा, सोबत हाताचा व्यायाम. 'करंट' ऐकूनच आई हादरली. हा मानसोपचारातला शॉक नव्हे, इथे भूल नाही की झटका नाही, फार तर मुंग्या येतात, हे पटवता पटवता संध्याकाळ गेली.

माझी शंका वेगळीच आहे. प्रवाह स्वतः काही शिकवत नाही, पेशींना थोडं उत्तेजित करतो. शिकणं होतं ते व्यायामातूनच. अभ्यासांचे निष्कर्षही उलटसुलट. मग तोच वेळ नुसत्या व्यायामाला दिला तर?

भावाने व्हेगस नर्व्हला (मेंदूतून मानेमार्गे खाली जाणारी नस) विजेने उत्तेजित करणारं यंत्रही शोधलंय, ज्याला अमेरिकेत २०२१ मध्ये मान्यता मिळाली. पण त्याला छातीत शस्त्रक्रिया लागते, ते आत्ता नको.

ज्यांनी टीडीसीएस केलंय त्यांनी सांगा: इलेक्ट्रोड इजा झालेल्या बाजूवर लावला की चांगल्या? बोलण्यात फरक पडला का, किती सत्रांनी? आणि मुख्य म्हणजे, बाबांना एकदा फिट येऊन गेलीय. असं असूनही कुणाच्या डॉक्टरांनी परवानगी दिली का? गुरुवारी न्यूरॉलॉजिस्टना भेटतोय, त्याआधी नेमके प्रश्न हाताशी हवेत.