पाव किलो, लादीपाव आणि पावणारा गणपती

रविवारी नाशिकच्या गंगापूर रोडला मिसळ खायला गेलो होतो. जादा पाव आला तेव्हा नववीतल्या भाचीने विचारलं, "मामा, हे चार-चार जोडून येतात. त्यातला एक म्हणजे चौथा हिस्सा, म्हणून पाव ना?" शेजारच्या बाकावरच्या काकांनी लगेच दुरुस्ती केली: पूर्वी पीठ पायांनी तुडवायचे, म्हणून पाव. पायांची ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलोय. दोन्ही व्युत्पत्त्या ऐकायला झकास आहेत, पण दोन्ही चूक.

मिसळीबरोबरचा पाव पोर्तुगीज आहे. त्यांचा उच्चार नाकातून जाणारा, 'पांव'च्या जवळचा. आपण अनुस्वार सोडून दिला आणि शब्द ठेवून घेतला. वसई 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी घेतली, त्याआधी दोनशे वर्षं पोर्तुगीज तिथे होते. बटाटा, चावी, पगार हे शब्दही त्यांचेच. गोव्यात पाव विकणारा 'पोदेर' हाही त्याच घरातला. मूळ लॅटिन 'पानिस'. त्याचं स्पॅनिशमध्ये पान, इटालियनमध्ये पाने, फ्रेंचमध्ये पँ. 1543 मध्ये पोर्तुगीज जपानला पोचले, तेव्हापासून जपानी माणूसही पावाला 'पान'च म्हणतो.

आणि आपल्या सातपूर-अंबडला रोज हजारो माणसं 'कंपनीत' जातात, त्या शब्दातही हाच पाव आहे! लॅटिन 'कोम' म्हणजे सोबत, 'पानिस' म्हणजे भाकरी. एकत्र बसून भाकरी खाणारे ते सोबती, त्यांची ती कंपनी. जेवणाच्या सुट्टीत चौघं डबे उघडून एकमेकांच्या भाजीत हात घालतात ना, शब्दाचा जुना अर्थ अजून तिथेच आहे. मला हे कळलं त्या दिवशी फार आनंद झाला होता.

आता भाचीचा पाव. भद्रकालीच्या बाजारात "गवार पाव द्या" म्हटलं की पाव किलो मिळते. पूर्वी पावशेर मिळायची. 80 तोळ्यांच्या शेराचे 20 तोळे. हा पाव संस्कृत 'पाद' म्हणजे पाय, यापासून आला. चार पायांच्या जनावराचा एक पाय म्हणजे चौथा हिस्सा, एवढा साधा हिशोब. पुरुषसूक्तात 'पादोऽस्य विश्वा भूतानि' म्हटलंय तिथे पाद म्हणजे चतुर्थांशच. श्लोकाचा चरणही तसाच. पाद अधिक ऊन, म्हणजे पावाने उणा, तो पाऊण. स अधिक पाद तो सव्वा. आमची आजी पावकी, निमकी, पाऊणकी हे अपूर्णांकांचे पाढे घडाघडा म्हणायची. याच पादातली पावली, म्हणजे चार आण्यांचं नाणं, 30 जून 2011 नंतर चलनातूनही गेली.

म्हणजे गंमत बघा: भाचीचा चौथा हिस्सा आणि काकांचा पाय मुळात एकच शब्द आहे. फक्त मिसळीच्या पावाशी दोघांचाही संबंध नाही. शंका आली तर विभक्ती लावून बघावी. खायच्या पावाचं 'पावाला', 'पावात' होतं. मापाचा पाव 'पाव किलोला' म्हणतानाही जागचा हलत नाही.

तिसरा पाव क्रियापदाचा. आनंदवलीचा नवश्या गणपती नवसाला पावतो. हे 'पावणे' संस्कृत 'प्र' आणि 'आप्' यांतून आलं, 'प्राप्त'चं सख्खं भावंड. मूळ अर्थ मिळणे, पोचणे. म्हणून माणूस मरण पावतो, प्रथा लोप पावते. 'पावती'ही यातलीच: पैसे पावले याचा लेखी पुरावा. 'भरून पावलो' हे आज आपण तृप्तीने म्हणतो. शब्दशः पाहिलं तर पुरेपूर मिळालं, काही बाकी राहिलं नाही.

निफाडच्या आमच्या घरी आजोबांची कांद्याच्या हिशोबाची वही आहे. लाल कापडी पुठ्ठा, शाई तपकिरी पडलेली. तारखेपुढे रक्कम, रकमेपुढे 'रोख पावले'. भाचीने ते 'रोख पावलं' असं वाचलं आणि म्हणाली, "लक्ष्मीची का?" कारण पहिल्या पानावर वहीपूजनाची कुंकवाची पावलं उमटवलेली होती. पाऊल पुन्हा 'पाद'मधलंच, त्यामुळे तिची चूकही मला फुकट गेली असं वाटलं नाही.

आजोबांनंतर 'पावले' असं लिहिलेलं मी कुठल्याच हिशोबात पाहिलं नाही. सगळीकडे 'मिळाले' किंवा 'जमा'. तुमच्याकडे कुणी अजून "पैसे पावले" म्हणतं का? म्हणत असेल तर गाव आणि पूर्ण वाक्य दोन्ही कळवा, कारण मला ते वाक्य जसंच्या तसं हवंय.