घरी केलेल्या पीसीबीवर (सर्किट बोर्डवर) २३० व्होल्ट : ६ मिमी गॅप हवाच, की नुसती भीती?

खटपट्या
गच्चीवरच्या टाकीच्या मोटरसाठी रिलेचा (५ व्होल्टने चालू-बंद होणारा स्विच) बोर्ड केलाय, घरीच, नको ते तांबं फेरिक क्लोराइडमध्ये विरघळवून. २३०ची बाजू आणि ५ व्होल्टची बाजू यात ६ मिमी सोडले. मित्र बघून हसला, म्हणे हवा मिलिमीटरला ३ हजार व्होल्ट सोसते आणि तू मधे क्रिकेटचं मैदान सोडलंयस. मी म्हणतो घरच्या बोर्डावर ६च्या खाली यायचंच नाही. बोला.

सोल्डरबहाद्दर
मित्र बरोबर आहे राव. आयपीसी २२२१ चा (बोर्ड डिझाइनचं मानक) तक्ता काढ, ३०१ ते ५०० व्होल्टला उघड्या ट्रॅकसाठी (तांब्याच्या पट्ट्या) २.५ मिमी. २३०चा पीक, म्हणजे लाटेचं टोक, ३२५, बसला त्यात. मी तर कित्येक वर्षं झिरो पीसीबीवर (तयार भोकांचा बोर्ड) मेन्स, म्हणजे हेच २३०, खेळवतोय, तिथे दोन पॅडमधे (सोल्डर करायचे तांब्याचे ठिपके) धड १ मिमीपण नसतो, अजून जिवंत आहे.

दमट_हवा
झिरो पीसीबीवर मेन्स?? कोपरापासून नमस्कार. अहो तो तक्ता ट्रॅक-ट्रॅकमधला आहे, माणूस वाचवायचा नाही. फेज न्यूट्रलला भिडला तर फ्यूज जातो, विषय संपला. तोच फेज ५ व्होल्टच्या बाजूला आला तर यूएसबीची वायर हातात धरलेला जातो. त्यासाठी आयईसी ६०६६४ (इन्सुलेशनचं मानक) बघा, २५० व्होल्टला साध्या एफआर४ वर (बोर्डाचं नेहमीचं फायबरग्लास) पृष्ठभागावरून २.५ मिमी, आणि माणसाच्या बाजूला त्याच्या दुप्पट, ५. हे पण कोरड्या स्वच्छ जागेत, दमट धुळीच्या जागी ४ आणि ८.
आणि ते हवेचं ३ हजार इथे लावूच नका, करंट बोर्डावरच्या घाणीतून सरपटत जातो. आमच्याकडे रत्नागिरीला पंपाच्या खोलीतला बोर्ड, २ मिमी गॅप, फ्लक्स (सोल्डरिंगचा चिकट थर) पुसलेला नाही. दुसऱ्या पावसाळ्यात जळका वास यायला लागला म्हणून उघडला तर दोन ट्रॅकच्या मधे पेन्सिलीने ओढावी तशी काळी रेघ. कार्बन तो, एकदा झाला की तोच वायर.

सोल्डरबहाद्दर
फ्लक्स पुसला नाही हा गॅपचा दोष का? थिनरने पुसा, वर कोटिंग मारा, तक्ता ०.८ वर येतो.

दमट_हवा
घरी ब्रशने मारलेल्या कोटिंगमधे बुडबुडे किती ते भिंगातून बघा एकदा, मग ०.८ म्हणा.

सोल्डरबहाद्दर
बरं, फेज-न्यूट्रलला २.५, आयसोलेशनला (२३० आणि ५च्या मधे) ६, हे मान्य करतो, सगळीकडे ६ नाही. पण खटपट्या, तुझा तो निळा चौकोनी रिले ना? त्याची कॉमन पिन (२३०ची) कॉइलच्या (५ व्होल्टच्या) दोन पिनांच्या मधेच असते. तिथे ६ कसे काढलेस?

खटपट्या
...व्हर्नियर लावून आलो. पॅड ते पॅड ३.८.
पॅड तासतोय आणि मधे खाच पाडतोय, पृष्ठभागावरची वाटच तोडायला. मित्राला सांगू नका.