मदत हवी आहे: रात्री पावणेबाराला घरी पोचणाऱ्याने जेवायचं काय?

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

राहतो डोंबिवली पूर्वेला, नोकरी साकीनाक्याला. गिऱ्हाईक लंडनचं, म्हणून आमचं ऑफिस त्यांच्या घड्याळावर चालतं. उन्हाळ्यात दुपारी दीड ते रात्री साडेनऊ. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर मागे गेली की आमची पाळी अडीच ते साडेदहा होते, ती थेट मार्च संपेपर्यंत. साकीनाका ते घाटकोपर मेट्रो, पुढे लोकल, मग स्टेशनपासून चालत. दाराची बेल वाजवतो तेव्हा पावणेबारा झालेले असतात.

त्यानंतर जेवण. तेही साग्रसंगीत. आई (वय ६४) माझ्यासाठी थांबते. मी हातपाय धुवेपर्यंत तवा तापलेला असतो. गरम भाकरी, भाजी, आमटी, वर भात. साडेबाराला ताटावरून उठतो, एकला आडवा होतो आणि अडीचच्या सुमारास छातीत जळजळ, घशाशी आंबट पाणी. आठवड्यातून तीन-चार रात्री तरी हेच. दोन उशा घेऊन पाहिल्या, मान धरली. थंड दूध पितो, घटकाभर बरं वाटतं, पुन्हा तेच.

दिवसाचं खाणं असं: साडेअकराला घरी जेवतो (एकटाच, आई पूजा आणि बाकीची कामं आटपून दीडला जेवते), साडेपाचला चहा आणि वडापाव, मग थेट रात्री.

तर रात्री हलकं काय खावं? पोटाला आधार वाटेल, पटकन होईल, आणि मुख्य म्हणजे लेक उपाशी झोपला असं आईला वाटणार नाही असं काही सुचवा. तिलाही चालायला हवं, नऊ वर्षं साखर आहे. रात्रीची गोळी ती नेमाने साडेआठला घेते आणि जेवते माझ्याबरोबर. लवकर जेवून घे म्हटलं की, "तू आल्याशिवाय घास उतरत नाही." तिलाही पित्ताचा त्रास असावा. गेल्या महिन्यात दोनदा अकराच्या सुमारास घाम फुटला, हातपाय थरथरले. खडीसाखर तोंडात टाकल्यावर बरं वाटलं म्हणे.

खिचडीपंथी

यावर एकच उत्तर, मुगाची मऊ खिचडी. अर्धी वाटी तांदूळ, अर्धी वाटी मूगडाळ, पाच वाट्या पाणी, जिरं, हिंग, किसलेलं आलं, हळद, मीठ. चार शिट्ट्या. तूप चमचाभर, त्याहून जास्त नको. तुपातेलाने अन्न पोटात रेंगाळतं, मग जळजळ ठरलेली. खिचडी हलकी म्हणायची आणि तिच्यावर तुपाची विहीर करून शेजारी तळलेले पापड घ्यायचे, हा आपला राष्ट्रीय ढोंगीपणा आहे.

पेज आणि लोणचं

उकड्या तांदळाची पेज. आमच्याकडे मालवणात ती खरं तर सकाळी दहा-अकराची, पण मुंबईत आल्यापासून मी रात्रीची करून टाकली. पातळ अन्न पोटातून लवकर पुढे सरकतं. सोबत आंब्याच्या लोणच्याची फोड, हवं तर भाजलेला बांगडा. (तुम्ही शाकाहारी असाल तर बांगड्याकडे दुर्लक्ष करावे. जमलं तर.)

उगाच एक

आमचे आजोबा रात्री बाराला मटण-भाकरी खाऊन नव्वदीपर्यंत ठणठणीत होते. सगळं मनावर असतं.

खिचडीपंथी

@उगाच एक, आजोबा सकाळी पाचला उठून नांगर धरत असतील. धागाकर्ते माऊस धरतात.

केमिस्टकाका

मंडळी, खिचडी-पेज जरा बाजूला ठेवा. धागाकर्त्याने शेवटी जाता जाता जे लिहिलंय ते कुणी नीट वाचलं का?

साखरेची गोळी साडेआठला, जेवण बारानंतर, अकराला घाम आणि थरथर, साखर खाल्ल्यावर आराम. भाऊ, हे पित्त वाटत नाही, साखर खाली जात असावी. आईंच्या गोळीच्या पाकिटावर नाव काय आहे ते बघून सांगा. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड अशा जातीची असेल तर ती पोटात अन्न येवो न येवो, शरीराला इन्सुलिन सोडायला लावते. म्हणून तर ती जेवणाच्या तोंडावर घ्यायची असते. साडेतीन तास आधी नव्हे.

साडेअकराची लोकल (धागाकर्ता)

आत्ता उठून पाकीट पाहिलं. ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन, दोन्ही एकात. सकाळी नाश्त्याआधी, रात्री जेवणाआधी असं चिठ्ठीवर स्पष्ट लिहिलंय. आईने "रात्री साडेआठ" एवढंच धरून ठेवलं, कारण पूर्वी आमच्याकडे जेवणं साडेआठला व्हायची. बाबा होते तेव्हा.

मी जळजळीच्या तक्रारी करत बसलो होतो. हात गार पडलेत माझे. गोळी बंद करू का?

केमिस्टकाका

स्वतःच्या मनाने बंद करू नका, वेळही बदलू नका. उद्या डॉक्टरांना फोन करून गोळीची वेळ, जेवणाची वेळ आणि ते दोन प्रसंग, सगळं सांगा. तोवर आजपासून एवढंच करा: गोळी घेतली की जेवण झालंच पाहिजे, लेक गाडीत असो नाहीतर लंडनला.

घरात साखर मोजायचं यंत्र आहे ना? पुन्हा असं झालं तर आधी बोट टोचून बघा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात ढवळून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, तरी वर आली नसेल तर पुन्हा तेवढीच. यंत्र सापडत नसेल तर शोधत बसू नका, साखरपाणी आधी. चॉकलेट, बर्फी नको, त्यातल्या तुपामुळे साखर उशिरा चढते. सावरल्यावर थोडं जेवण. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नका, सरळ दवाखाना गाठा.

तुमच्या जळजळीचं: जेवण आणि झोप यांत दोन-तीन तास हवेत, तुमचा अर्धाच तास आहे. उशांनी पोट दुमडतं, त्यापेक्षा पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली सहा-आठ इंचांचे ठोकळे घाला. डाव्या कुशीवर झोपा. थंड दुधाने तेवढ्यापुरतं शमतं, नंतर पोट आणखी आम्ल सोडतं. आणि गिळताना अन्न अडकणं, वजन घटणं, काळी शी असलं काही असेल तर धागे काढत बसू नका, डॉक्टरांकडे जा.

पेज आणि लोणचं

काकांना साष्टांग. मी आपला बांगडा भाजत बसलो होतो. आईंसाठी माझी पेजही मागे घेतो, पातळ भाताने साखर झपकन वर जाते. बरोबर ना काका?

केमिस्टकाका

बरोबर. तुमची तुम्ही खा, बांगड्यासकट.

सोलापूरची सून

ज्वारीच्या कण्या करून बघा. आमच्या सासूबाई रात्री हेच खायच्या. ज्वारी गिरणीतून जाडसर भरडून आणायची, पीठ चाळून वेगळं काढायचं. वाटीभर कण्या तासभर भिजवायच्या, चार-साडेचार वाट्या पाण्यात मीठ घालून मंद आचेवर मऊ शिजवायच्या, खाली लागू द्यायच्या नाहीत. वरून ताक, हवी तर जिरेपूड. दातांना काम राहतं म्हणून जेवल्यासारखं वाटतं, हे पेजेत होत नाही. ज्वारी आहे म्हणून साखरेच्या माणसाने पातेलंभर खाऊ नये, वाटीभरच.

आणखी एक. कण्या असोत की खिचडी, आठला करून गॅसवर कोमट ठेवायची आणि बाराला खायची असं करू नका. उकळती असताना थर्मासच्या डब्यात भरा, नाहीतर लवकर गार करून फ्रिजमध्ये ठेवा. शिजलेला भात कोमट राहिला की त्यात जंतू वाढतात, आणि त्यांनी सोडलेलं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. आमच्या घरी एकदा सगळे आडवे झाले होते, तेव्हापासून मी याबाबतीत खाष्ट आहे.

साडेअकराची लोकल (धागाकर्ता)

डॉक्टरांशी बोललो. त्यांनी उद्या दोघांनाही बोलावलंय. तोवर काकांनी सांगितलं तेच म्हणाले, गोळी आणि जेवण एकत्र.

आता अडचण वेगळीच. काल आईला सगळं समजावलं, ती हो म्हणाली. रात्री फोन केला तर म्हणाली, "जेवले." घरी आलो तर ताट झाकून ठेवलेलं, दोन माणसांचं. जेवली होती ती दोन बिस्किटं. रागावलो तर रडायला लागली. काय करू?

चाळीतली काकू

बाळा, मी तुझ्या आईच्याच वयाची. मीही अशीच थांबायची, म्हणून सांगते. तिला भूक लागत नाही असं नाही. दिवसभर ती एकटीच जेवते आहे. साडेअकराला तू एकटा, दीडला ती एकटी. घरात माणसं दोन आणि पानं वेगवेगळी. रात्रीचं ते एकच पान तिला सोबतीने मिळतं, तेवढं तू काढून घ्यायला निघालास तर रडणारच ती.

रात्रीचं जेवण सोडवायचं असेल तर सकाळचं धर. तू सव्वाबाराच्या पुढे निघत असशील ना? मग साडेअकराला दोघं समोरासमोर बसा. पूजा आधी उरकायला लाव, नाहीतर देव थांबतील दीडपर्यंत, त्यांना साखर नाही. भाकरी काय थापायची ती तेव्हा थापू दे. सकाळी पोटभर वाढलं की रात्री वाटीभर दिल्याचं तिला काही वाटणार नाही.

खिचडीपंथी

काकूंना +१. आणि धागाकर्ते, तुमचं रात्रीचं जेवण साडेसातला ऑफिसमध्येच उरकून टाका. पोळीभाजीचा डबा न्या. साडेपाचच्या वडापावाऐवजी केळं किंवा मूठभर शेंगदाणे. रात्री घरी फक्त वाटीभर काहीतरी.

साडेअकराची लोकल (धागाकर्ता)

ब्रेक वीस मिनिटांचा, आणि साडेसातला मायक्रोवेव्हपुढे घाटकोपरच्या जिन्यासारखी गर्दी. पण गार पोळीभाजीने काही बिघडत नाही म्हणा. बघतो.

उगाच एक

आमचे आजोबा गारच खायचे.

साडेअकराची लोकल (धागाकर्ता)

तीन आठवड्यांनी लिहितोय, उशिराबद्दल क्षमस्व. डॉक्टरांनी आईची रात्रीची गोळी बदलली आणि यंत्रावर साखर मोजून वहीत लिहायला लावलं. थरथर पुन्हा झालेली नाही. ती आठला जेवते. पहिला आठवडा शेजारच्या काकूंना तिच्यासोबत बसायला सांगितलं होतं, आता दोघींची मालिका ठरलीय, मला कुणी विचारत नाही.

साडेअकराला दोघं एकत्र जेवतो. पहिल्या दिवशी तिने पुरण घातलं, तिला स्वतःला चालत नाही तरी. त्यावर वेगळा धागा काढावा लागेल.

माझं साडेसातला डबा, रात्री थर्मासमधल्या वाटीभर कण्या, एकलाच झोप. पलंगाखाली ठोकळे लागले. जळजळ तीन आठवड्यांत दोनदा, त्यातली एकदा ऑफिसात पार्टीचा पिझ्झा होता. माझ्याच कर्माने.

एकच शंका राहिली. रात्री ताक घेतलं की मला सर्दी होते असं आईचं ठाम मत. कण्या कशात कालवू? कोरड्या घशाखाली उतरत नाहीत.

सोलापूरची सून

मुगाच्या पातळ वरणात. लसूण-जिऱ्याची फोडणी, मिरची नको.