युपिक किनाऱ्यावर सामन मासा वाळवतात कसा?

प्रश्न: अलास्काच्या युकॉन-कुस्कोक्विम त्रिभुज प्रदेशात, म्हणजे युपिक या मूळनिवासी लोकांच्या भागात, उन्हाळ्यातही पाऊस असतो. मग टांगलेला सामन सडत कसा नाही?

प्रतिसाद १: खरं काम वारा करतो. 'उलुअक' या अर्धगोल पात्याच्या सुरीने डोकं, आतडी काढायची आणि कण्याच्या दोन्ही बाजूंनी कापून काटा वेगळा करायचा. दोन्ही फाका शेपटीशी जोडलेल्याच ठेवल्या की दांडीवर टांगता येतात. मांसाला कातडीपर्यंत आडव्या चिरा द्यायच्या, पण कातडी शाबूत हवी. ती फाटली तर फाक वजनानेच तुटून पडते. चिरा विरळ पडल्या तर जाड भाग आतून ओला राहून आंबतो. किंग सामन ही सामनची जात चरबीदार, त्याला जास्त जपावं लागतं.

प्रतिसाद २: टांगणीवर छप्पर हवंच. मांसावर कोरडा, चकचकीत पापुद्रा धरला की धुरीघरात हलवायचं. माश्या अंडी घालतात त्या ओलसर मांसावर, म्हणून दमट हवेत मंद धूर लवकर सुरू करतात. लाकूड कॉटनवुड किंवा आल्डरचं. जाळ भडकला की वर टणक कवच, आत ओल, आणि चरबी ठिबकून जाते ती वेगळीच.

प्रतिसाद ३: कळकळीने सांगते, कापून काढलेली सामनची डोकी खाण्यासाठी प्लास्टिकच्या हवाबंद बादलीत कधीही आंबवू नका. पूर्वी गवत अंथरलेल्या खड्ड्यात आंबवत. हवाबंद, उबदार भांड्यात बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचं विष तयार होतं आणि ते वासावरून ओळखता येत नाही. दृष्टी दुहेरी झाली, बोलणं जड झालं तर तातडीने गावच्या दवाखान्यात जा.