युकुलेलेवरून टेनर गिटारकडे जायचंय: तारा कशा लावाव्यात, कोणती घ्यावी?

पानगळ

नमस्कार मंडळी,

मी पोर्टलंडला (ऑरेगन) राहते आणि सहा वर्षं युकुलेले वाजवते आहे. टेनर आकाराचं, लो-जी लावलेलं (म्हणजे जी तार एक सप्तक खाली). स्वतःच्या गाण्याला साथ आणि महिन्यातून एकदा मित्रमंडळींची बैठक, एवढंच वाजवणं. गेल्या शनिवारी इथल्या एका जुन्या वाद्यांच्या दुकानात चार तारांची, अंगाने बारीक गिटार भिंतीवर टांगलेली दिसली. बॅरिटोन युकुलेले असेल म्हणून हातात घेतली, तर तारा स्टीलच्या! सवयीने ओळखीचा आकार धरून एकदा अंगठा फिरवला. कॉर्ड भलतीच लागली, पण आवाज थांबेचना. युकुलेलेवर पुढच्या मात्रेला पोचेपर्यंत सूर विरलेला असतो. इथे मी मनातल्या मनात अख्खी ओळ म्हणून संपवली तरी खालची तार बोटाखाली थरथरत होती. तेव्हापासून दुसरं काही सुचत नाहीये.

दुकानदार म्हणाला, ही टेनर गिटार. बजेट ६०० डॉलरपर्यंत आहे. माझा हात लहान आहे, करंगळी तर फारच आखूड. सहा वर्षांत शिकलेलं सगळं सोडून द्यावं लागेल का? आकार किती मोठा झेपेल? आणि नवी घ्यावी की जुनी? ज्यांनी हा प्रवास केला आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

चौतार

आधी तारा कशा लावायच्या ते ठरवा, गिटार नंतर बघा. मी उलटं केलं आणि वर्षभरात दोनदा नट (मानेच्या टोकाची, तारांच्या खाचांची पट्टी) बदलून घ्यावा लागला.

दुकानात तुम्ही वाजवलीत ती बहुधा सी-जी-डी-ए मध्ये लावलेली असणार. पेटीच्या भाषेत पांढरी एक, पाच, दोन, सहा. प्रत्येक तार आधीच्या तारेच्या पंचमावर. टेनर बँजो असाच लावतात. १९२०च्या दशकात नाचाच्या बँडमध्ये बँजो मागे पडून गिटार पुढे यायला लागली, तेव्हा बँजोवाल्यांना बोटं न बदलता गिटारचा आवाज मिळावा म्हणून हे वाद्य आलं. मार्टिन आणि गिब्सन दोघांनीही त्याच दशकात टेनर गिटारी काढल्या.

दुसरी पद्धत डी-जी-बी-ई. तिला शिकागो ट्यूनिंग म्हणतात. साध्या गिटारच्या बारीक चार तारा, म्हणजेच बॅरिटोन युकुलेले. यात तुमचं काहीही सोडावं लागत नाही. आकार तेच, फक्त नावं उतरतात: सीचा आकार धरलात की जी वाजेल, एफचा धरलात की सी. तुम्ही लो-जीवाल्या आहात हे उत्तमच. हाय-जीवर वाढलेल्या लोकांना वरची ती किणकिण इथे सापडत नाही आणि ते हिरमुसतात. तुम्हाला तसं होणार नाही.

आता एक गोष्ट जरूर करून बघा. बहुतेक टेनर गिटारींची स्केल लांबी, म्हणजे तारेच्या वाजणाऱ्या भागाची लांबी, २३ इंचांच्या आसपास असते. डी-जी-बी-ई लावून पाचव्या फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या पट्टीवर) कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबणारा चिमटा, लावला की तारा होतात जी-सी-ई-ए, आणि उरलेली तार भरते १७ इंचांहून जेमतेम जास्त. म्हणजे तुमचं टेनर युकुलेलेच, स्टीलच्या तारांचं. मी पहिले तीन महिने असंच वाजवलं आणि दर पंधरवड्याला कॅपो एक घर मागे सरकवला. हाताला अंतर वाढल्याचं कळलंच नाही.

काळीएक

चौतार यांनी रीतसर लिहिलंय, पण मी दुसऱ्या बाजूने बोलणार आहे. पानगळ, तुम्ही गाता ना? मग पंचमाच्या पद्धतीला (सी-जी-डी-ए) एक संधी द्या.

सर्वात जाड तारेवर सा धरा: सा रे ग म, म्हणजे मोकळी (न दाबलेली) तार, दुसरा, चौथा, पाचवा फ्रेट. आता पुढच्या तारेवर या. मोकळी तार प, आणि प ध नी सा पुन्हा मोकळी, दुसरा, चौथा, पाचवा. सप्तकाचं पूर्वांग एका तारेवर, उत्तरांग दुसऱ्या तारेवर, बोटं तीच! भैरव हवा असेल तर दोन्ही तारांवर दुसऱ्याच्या जागी पहिला फ्रेट. काफीला चौथ्याऐवजी तिसरा. मला हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा रात्री अकरा वाजता मी वही काढून एकेक थाट लिहीत बसलो होतो. लहानपणी पेटीवर शिकलेलं सगळं दोन तारांवर असं उलगडून समोर येतं. डी-जी-बी-ईमध्ये ही सोय नाही, कारण तिथे पुढची तार आधीच्या तारेच्या पंचमावर नसते.

माझा सा काळी एक. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावतो, की जाड दोन तारा सा आणि प. मध्येच कॉर्ड सोडून नुसत्या या दोन तारा छेडत राहिलं तरी गाणं उभं राहतं.

कॉर्डही वाटतात तितक्या अवघड नाहीत. जाड तारेकडून बारीक तारेकडे फ्रेटचे आकडे लिहितो, ० म्हणजे मोकळी: सी ००२३, एफ ०२३३, जी २००२, ए-मायनर ०२२०, डी-मायनर २२३०. एवढ्यावर कितीतरी भावगीतं बसतात. ई मेजर मात्र ४१२२, तिथे हात ताणावा लागतो आणि सुरुवातीला चिडचिड होते. आवाका बघा: तुमच्या लो-जी युकुलेलेवर पहिल्या मोकळ्या तारेपासून शेवटच्यापर्यंत १४ अर्धस्वर, डी-जी-बी-ईमध्येही १४च, सी-जी-डी-एमध्ये २१. साथीला हा फरक फार मोठा आहे. सूर एकमेकांपासून लांब बसतात आणि गाणाऱ्याच्या आवाजाला मधे जागा मिळते.

गंधार

एक साधा प्रश्न. डी-जी-बी-ईच हवं असेल तर बॅरिटोन युकुलेले का नको? नायलॉनच्या तारा, १९-२० इंचांची स्केल, बोटांना त्रास नाही. मी त्यावर समाधानी आहे.

आणि कुणी "आहे त्या युकुलेलेवरच स्टीलच्या तारा चढव" असं सांगितलं तर अजिबात ऐकू नका. युकुलेलेची वरची फळी पातळ, आतले टेकू हलके आणि ब्रिज (तारा अडकवायची पट्टी) नुसता डकवलेला. स्टीलचा ताण त्याला झेपत नाही. आधी ब्रिजमागे फुगवटा येतो, मग ब्रिजच उखडतो. आमच्या गटातल्या एका मुलाचं छान कोआ लाकडाचं वाद्य असंच गेलं.

पानगळ

गंधार, बॅरिटोन मी मैत्रिणीचं वाजवून पाहिलंय. गोड आहे, पण मला जो रेंगाळणारा सूर हवाय तो त्यात नाही.

काळीएक, तुमचा प्रतिसाद वाचून युकुलेलेवरच सारेगम शोधत बसले. माझी पेटीची दोन वर्षं झाली आहेत लहानपणी, त्यामुळे पूर्वांग-उत्तरांग वाचल्यावर अंगावर काटा आला. पण चौथ्या-पाचव्या फ्रेटपर्यंत माझी करंगळी जाईल का हीच धास्ती आहे.

पेठकर

पुण्याहून लिहितोय. इथल्या दुकानांत मला टेनर गिटार बघायलासुद्धा मिळाली नाही, त्यामुळे मागवण्याआधी हात पुरतो का हे घरच्या घरी तपासायची युक्ती काढली होती. तुम्हालाही उपयोगी पडेल.

कुणाची तरी साधी, सहा तारांची गिटार मागून आणा. तिची स्केल साडेपंचवीस इंच धरा. दुसऱ्या फ्रेटवर कॅपो लावला की उरते पावणेतेवीसच्या आसपास, म्हणजे जवळजवळ टेनर गिटारच. वरच्या दोन जाड तारा विसरा आणि काळीएक यांनी लिहिलेलं मोकळी-दोन-चार-पाच तिथे बोटांनी चालून बघा. सूर जुळणार नाहीत, पण अंतर खरं कळेल. तुमच्या १७ इंची युकुलेलेवर दुसऱ्या ते पाचव्या फ्रेटचं अंतर सुमारे ६ सेंमी आहे, २३ इंचांवर ते सव्वाआठ होतं.

माझी बायको हाताने तुमच्यासारखीच. तिला युकुलेलेसारखं एकेका फ्रेटला एकेक बोट ठेवून जमेना. मग व्हायोलिनवाले करतात तसं एका बोटाकडे दोन फ्रेट दिले: दुसरा तर्जनीने, चौथा मधल्या बोटाने, पाचवा अनामिकेने. करंगळी मोकळी राहिली. आठवडाभरात बसलं. टेनर गिटारचा नेकही (मान) अरुंद असतो, नटपाशी सव्वा इंचाच्या आसपास, म्हणजे युकुलेलेपेक्षाही कमी. त्यामुळे आडवं पोचणं सोपं आहे, उभं पोचणंच शिकावं लागतं.

जुनंलाकूड

जुनी की नवी यावर लिहितो, कारण त्यात मी पोळलो आहे.

जुन्या मार्टिन ०-१८टी या गिटारीचा आवाज ऐकलात तर वेड लागेल. किंग्स्टन ट्रिओ या अमेरिकन लोकगीत गटातला निक रेनॉल्ड्स वाजवायचा ती हीच. स्प्रूसची फळी, मागे महोगनी, आणि अंग इतकं हलकं की वाजवताना पोटाला कंप जाणवतो. मीही भुललो. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून फोटो बघून घेतली. फोटोत चकाकत होती. हातात आली तेव्हा बाराव्या फ्रेटवर तार इतकी उंच की सी कॉर्ड धरली तरी बेसूर वाजायची. नेक पुढे झुकलेला होता आणि सॅडल (ब्रिजवरची, तारा टेकतात ती पट्टी) आधीच घासून घासून संपवलेलं, म्हणजे तार खाली आणायला जागाच नाही. नेक काढून पुन्हा बसवावा लागला आणि त्याला गिटारच्या किमतीच्या निम्मे पैसे गेले.

म्हणून सांगतो: १९८५च्या आधीच्या मार्टिनमध्ये नेकचा बाक किल्लीने फिरवून दुरुस्त करता येईल असा ट्रस रॉड नसतो. बाकी कंपन्यांच्या जुन्या स्वस्त गिटारींतही अनेकदा नसतो. प्रत्यक्ष हातात घेतल्याशिवाय जुनी घेऊ नका. बाराव्या फ्रेटवरची उंची बघा, सॅडल किती उरलंय बघा, ब्रिजच्या मागे फुगवटा आहे का ते तळहात फिरवून बघा. ६०० डॉलरमध्ये दुरुस्तीसकट जुनं बसणार नाही. नवी घ्या. ब्लूरिज बीआर-४०टी माझ्या मुलीकडे आहे, वरची फळी अखंड स्प्रूसची, आवाज मोकळा. गोल्ड टोन आणि इबानेझच्याही टेनर गिटारी आहेत, त्या सापडल्या तर शेजारी शेजारी वाजवून बघा.

पोर्टलंडला आहात तर आणखी एक. अ‍ॅस्टोरिया तुमच्यापासून दोनेक तासांवर. तिथे टेनर गिटारवाल्यांचा मेळावा भरत आलेला आहे. एका खोलीत वीस-तीस टेनर गिटारी ऐकायला मिळणं दुसरीकडे अवघड, तेव्हा अजून भरतो का आणि कधी, ते बघून ठेवा.

पानगळ

पेठकर, युक्ती करून पाहिली. शेजाऱ्यांची गिटार आणली, कॅपो लावला. पहिल्या दिवशी नाही जमलं. तिसऱ्या दिवशी तुमच्या सौ.ंच्या पद्धतीने पाचव्यापर्यंत अनामिका स्वच्छ पोचली. त्यांना माझा नमस्कार सांगा.

शेवटची शंका: एकाच गिटारवर दोन्ही पद्धतींनी तारा लावता येतील का? नुसत्या खुंट्या पिळून?

चौतार

नुसत्या खुंट्या पिळून नाही. तारा बदलाव्या लागतील.

सी-जी-डी-एच्या संचात तारा साधारण .०३२, .०२२, .०१४, .०१० इंच जाडीच्या असतात. त्यातली .०१०ची ए तार ईपर्यंत उतरवलीत तर ती दोरीसारखी लोंबते. डी-जी-बी-ईसाठी वेगळा संच शोधायची गरज नाही. साध्या गिटारचा १२-५३चा लाइट संच घ्या आणि त्यातल्या बारीक चार वापरा: .०३२, .०२४, .०१६, .०१२. पण इथेच माझा नट अडला होता. बारीक तारांसाठी कोरलेल्या खाचेत जाडी तार बसत नाही, अडकते आणि पिळताना "टक्" आवाज करून सूर उडी मारतो. दुकानातल्या कारागिराकडून खाचा थोड्या रुंद करून घ्या. पुन्हा बारीक तारांवर यायचं झालं तर त्या रुंद खाचेत खडखडतात. म्हणून म्हटलं होतं, आधी ठरवा.

आणि सी-जी-डी-ए लावताना ए तार हळूहळू चढवा, तोंड बाजूला ठेवून. २३ इंचांवर ती तार फार ताणलेली असते, तुटते ती हीच. दोन जादा .०१०च्या तारा पिशवीत असू द्या.

पानगळ

घेतली! ब्लूरिज बीआर-४०टी. दुकानात एकीवर डी-जी-बी-ई लावून घेतलं आणि दुसरीवर होतं तसं सी-जी-डी-ए ठेवलं, आणि तासभर आलटून पालटून वाजवलं. डी-जी-बी-ईवर पहिल्या मिनिटापासून सगळं येत होतं. पण दुसरीवर जाड तार सा धरून सा रे ग म म्हटलं, पुढच्या तारेवर प ध नी सा म्हटलं, आणि वरच्या सावर थांबले तेव्हा खालचे मोकळे सा आणि प आपोआप त्यात मिसळून गुंजत होते. दुकानदार काउंटरमागून उठून जवळ येऊन उभा राहिला. तिथेच ठरलं.

सध्या सी, एफ, जी आणि ए-मायनर बसल्या आहेत, ई मेजर नाही. डाव्या हाताच्या तीन बोटांना फोड येऊन गेले, म्हणून दिवसाला वीस मिनिटांवर थांबते आणि उरलेला वेळ युकुलेलेवर. काळीएक, थाटांची ती वही इथे उतरवून द्याल का? निदान भैरव, काफी आणि यमनसाठी बोटं.

काळीएक

खूप आनंद झाला! भैरव आणि काफी वर दिलेच आहेत. यमनला सर्वात जाड तारेवर तीव्र मध्यम येतो: मोकळी, दोन, चार, सहा. पुढच्या तारेवर नेहमीचं मोकळी, दोन, चार, पाच. सहाव्या फ्रेटला मात्र तुमची करंगळी लागेल. तोपर्यंत म आणि नी वगळून भूप वाजवा, मोकळी-दोन-चार आणि मोकळी-दोन, वरचा सा पाचवर. बाकीची वही रविवारी टंकतो.