क्लेबोच जिंकणार, तर भाकीत कशाला करायचं?

हिमवेडा: काल इथे एकानं लिहिलं, "क्रॉस-कंट्री स्कीइंगमध्ये भाकीत कसलं करता? क्लेबोचं नाव लिहा आणि झोपा." डोकंच फिरलं. २०२५ला नॉर्वेतल्या ट्रॉन्हेमच्या जागतिक स्पर्धेत नॉर्वेच्याच या क्लेबोनं सहापैकी सहा सुवर्णं घेतली, मान्य. पण २०२१च्या जागतिक स्पर्धेतली ओबर्स्टडॉर्फची ५० किलोमीटर आठवा. रेषा आधी त्यानंच ओलांडली होती. शेवटी रशियाच्या बोल्शुनोव्हची काठी मोडली, अडवल्याबद्दल क्लेबो बाद झाला आणि सोनं एमिल इव्हर्सनला गेलं. इव्हर्सनचं नाव तुमच्यापैकी कुणी लिहिलं होतं?

पुणेकर: ते काल लिहिणारा मीच. दहा वर्षांत एकदा कुणी बाद होतो, त्याला अंदाज म्हणत नाहीत, नशीब म्हणतात.

हिमवेडा: एकदा? प्योंगचांग ऑलिम्पिक २०१८, स्कायथलॉन, म्हणजे अर्धं अंतर क्लासिक आणि अर्धं मोकळ्या शैलीत. नॉर्वेचा क्रूगर सुरुवातीलाच पडला, काठी मोडली, सगळ्यांच्या मागे गेला. तिथून येऊन जिंकला. पाय बघा, नुसतं नाव काय बघता!

ट्रॉन्हेमकर: पायांचं राहू द्या, स्कीच्या तळाला लावतात त्या मेणाचं बोला. सोची ऑलिम्पिकला २०१४ मध्ये नॉर्वेच्या बायका रिलेत पाचव्या आल्या, पुरुष चौथे. त्यांचे पाय काय एका रात्रीत गेले? मेण चुकलं. २०२३-२४च्या मोसमापासून फ्लोरिनवालं मेण बंद झालं, तेव्हापासून ओल्या बर्फावर कुणाची स्की पळेल ते मी तरी आधी सांगू शकत नाही.

पुणेकर: हरला की मेण, जिंकला की पाय. सोयीचं आहे.

ट्रॉन्हेमकर: सोयीचं? पुण्यात बसून हे बोलणं सोपं आहे हो. इथे पहिल्या हिवाळ्यात पारा शून्यावर होता, वर ताजा बर्फ. क्लासिकच्या, म्हणजे सरळ खाचांतून पाय सरकवायच्या स्कीला मी जुन्या ओल्या बर्फाचं चिकट मेण चोळलं. दोनशे मीटरवर पायाखाली बर्फाचा गोळा धरला, टाच उचलली तर सात-आठ सेंटिमीटर उंच झालेलो. काठीच्या टोकानं खरवडत घरी आलो. शेजारच्या आजी त्याच वाटेनं सुळकन पुढे गेल्या. तेव्हापासून मी शर्यतीच्या सकाळी आधी तापमान बघतो, खेळाडूंची यादी नंतर.

रसिका: तुम्ही तिघं पुरुषांवरच भांडताय. त्याच ट्रॉन्हेमला बायकांची जागतिक स्पर्धेतली पहिली ५० किलोमीटर झाली. नॉर्वेची योहाग निवृत्तीतून परत आलेली, घरचं मैदान, सगळ्यांनी तिचं नाव लिहिलं. स्वीडनच्या फ्रिडा कार्लसननं तिला मागे टाकलं. मी फ्रिडा लिहिली होती. चार वेळा सांगितलं इथे, एकानंही उत्तर दिलं नाही.

हिमवेडा: रसिकाताई, तेव्हा मी योहागच म्हणत होतो. तुमचं बरोबर निघालं.

पुणेकर: बरं, बायकांचं मानलं. ओलं हवामान असेल तर स्प्रिंटमध्येही मी आता दोन नावं लिहीन. पहिलं मात्र क्लेबोच.

ट्रॉन्हेमकर: आणि मेण?

पुणेकर: मेणाचं परत काढू नका.