ओएलईडीजवळ चुंबक आणला की उजेड वाढतो, हे खरं आहे की सेटअपमध्ये गडबड?

लॅबमधला:
नमस्कार मंडळी, एमएस्सी फिजिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी साधा हिरवा ओएलईडी (सेंद्रिय पदार्थाचा एलईडी) केलाय, आयटीओची (वीज वाहणाऱ्या पारदर्शक थराची) काच, त्यावर होल (इलेक्ट्रॉनची रिकामी जागा, धन प्रभारासारखी वागते) नेणारा थर, मग उजेड देणारा सेंद्रिय पदार्थ एएलक्यू-थ्री आणि वर अ‍ॅल्युमिनियम. करंट पक्का धरून निओडिमियमचा चुंबक शेजारी आणला की फोटोडायोडचं रीडिंग दोनेक टक्के वाढतं, लांब नेला की परत खाली. डिव्हाइसमध्ये एकही चुंबकीय पदार्थ नाही! हिशोब करून बघितला तर १० मिलिटेस्लाला इलेक्ट्रॉनच्या स्पिनच्या (त्याच्या अंगच्या छोट्याशा चुंबकपणाच्या) दोन पातळ्यांत जेमतेम १ मायक्रोइलेक्ट्रॉनव्होल्टचा फरक पडतो आणि रूम टेंपरेचरची केटी, म्हणजे उष्णतेची ऊर्जा, आहे २५ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे वीसेक हजार पट मोठी. एवढ्या उष्णतेच्या गोंधळात चुंबकाचं ऐकतंय कोण? गाईड म्हणतात आधी सेटअप तपास.

स्पिनवाला:
गाईडचं ऐकच, पण परिणाम खरा असतो. २००३ मध्ये कालिनोव्स्की आणि मंडळींनी एएलक्यू-थ्रीच्याच ओएलईडीत हे दाखवलं, प्रकाश आणि करंट दोन्ही काही टक्क्यांनी बदलले. २००४ मध्ये आयोवा विद्यापीठात वोल्गेनान्टच्या गटाला पॉलिफ्लुओरीन या पॉलिमरच्या डिव्हाइसमध्ये १० मिलिटेस्लाला रेझिस्टन्समध्ये १० टक्क्यांपर्यंत बदल मिळाला, तोही रूम टेंपरेचरला.

आता केटीचा प्रश्न. तुझी तुलना समतोलात आलेल्या सिस्टिमला लागू पडते, इथे शर्यत वेगांची आहे. एका बाजूने इलेक्ट्रॉन आला, दुसऱ्या बाजूने होल, दोघं जवळजवळच्या रेणूंवर थांबले की पोलेरॉन पेअर झाली (पोलेरॉन म्हणजे आजूबाजूचा रेणू थोडा वाकवून बसलेला प्रभार), तिचे दोन स्पिन मिळून एक सिंगलेट (स्पिन एकमेकांना रद्द करतात) आणि तीन ट्रिप्लेट (स्पिन मिळून एक होतात) अवस्था. एएलक्यू-थ्रीमध्ये प्रकाश देतो तो सिंगलेट. पेअर एकत्र येण्याआधी किंवा तुटण्याआधी तिला थोडा वेळ मिळतो, त्या वेळात आजूबाजूच्या हायड्रोजनच्या न्यूक्लियसचं काही मिलिटेस्लांचं क्षेत्र दोन्ही स्पिनना वेगवेगळं फिरवतं, म्हणून सिंगलेटचा ट्रिप्लेट आणि ट्रिप्लेटचा सिंगलेट होत राहतो. १ मिलिटेस्लाला स्पिन सेकंदाला २.८ कोटी वेळा फिरतो, म्हणजे एक फेरी साधारण ३६ नॅनोसेकंदांत, आणि हलक्या अणूंच्या सेंद्रिय पदार्थात स्पिन-ऑर्बिट कपलिंग (स्पिन आणि इलेक्ट्रॉनचं अणूभोवतीचं फिरणं यांतला दुवा) इतकं कमी की उष्णतेला स्पिन उलटवायला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो, त्यामुळे केटी केवढीही असो, ती या शर्यतीत उतरतच नाही.

तू बाहेरून न्यूक्लियसपेक्षा मोठं क्षेत्र लावलंस की तीनपैकी दोन ट्रिप्लेट वर-खाली सरकतात आणि सिंगलेटशी मिसळायला एकच उरतो. मिसळण बदलली की सिंगलेट किती बनणार ते बदललं, आणि तेच तुझ्या फोटोडायोडला दिसतं. मला तर या विषयातली ही सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते, एवढंसं क्षेत्र थेट डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशाच्या हिशोबात उतरतं.

बेंचवरून:
थिअरी वर आलीच आहे, मी तपासायचं सांगतो. चुंबकाची दिशा उलटी कर, उत्तर तेच यायला हवं, कारण परिणाम प्लस-मायनसला सारखाच असतो. उलटं केल्यावर आकडा बदलला तर तारा हलताहेत किंवा सेटअपमध्ये काही गडबड आहे असं समज. फोटोमल्टिप्लायर अजिबात वापरू नकोस, त्याच्या आतले इलेक्ट्रॉनच क्षेत्राने वळतात, सिलिकॉन फोटोडायोडच बरा, तोही लांब ठेव. ओएलईडी चालताना म्हातारा होत जातो, म्हणून प्रत्येक रीडिंगच्या आधी आणि नंतर शून्य क्षेत्राचं रीडिंग घे आणि त्यांच्या सरासरीशी तुलना कर. आणि हातात चुंबक धरून मोजू नकोस बाबा, कॉइल लाव, ० ते २० मिलिटेस्लाच्या भागात पॉइंट दाट घे कारण बहुतेक चढ तिथेच असतो, पुढे ग्राफ सपाट होत जातो.

लॅबमधला:
दोघांचेही खूप आभार! दिशा उलटी करून बघितली, उत्तर तेच. पण हायड्रोजनमुळेच होतंय हे कोणी सिद्ध केलंय का? आणि मोबाइलच्या ओएलईडी स्क्रीनला मॅग्नेटवालं कव्हर चालतं ते कसं?

स्पिनवाला:
केलंय की. युटा विद्यापीठात वार्देनींच्या गटाने २०१० मध्ये पीपीव्ही जातीच्या पॉलिमरमध्ये हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम (जड हायड्रोजन) घालून तसंच डिव्हाइस केलं. ड्युटेरियमचं हायपरफाइन, म्हणजे न्यूक्लियसचं, क्षेत्र कमी, आणि ग्राफची रुंदीही खरंच कमी झाली. माझ्या मते या विषयातला हा सगळ्यात पटणारा प्रयोग.

म्हणून सगळा वाद मिटला असं मात्र नाही. करंट का बदलतो यावर बॉबर्ट वगैरेंचं २००७ चं बायपोलेरॉन मॉडेल आहे, त्यात एकाच जातीचे दोन पोलेरॉन एका जागी बसू शकतात की नाही हे स्पिनवर ठरतं, म्हणजे इलेक्ट्रॉन-होल जोडी लागतच नाही. शिवाय दोन ट्रिप्लेट आपटून एक सिंगलेट होतो, त्यावरही क्षेत्राचा परिणाम होतो, हे अँथ्रासीनच्या क्रिस्टलमध्ये जॉन्सन आणि मेरिफील्डने १९६० च्या दशकातच दाखवलं होतं. त्यामुळे एका ग्राफवरून मॉडेल ठरवायला जाऊ नकोस, करंट बदलून आणि जमलं तर थंड करून परत मोज, जास्त क्षेत्राला प्रकाश खाली वळला तर ट्रिप्लेटच्या टकरीचा संशय घे.

मोबाइलचं म्हणशील तर लाल-हिरव्या पिक्सेलमध्ये सहसा इरिडियमचे रेणू असतात, जड अणू, स्पिन-ऑर्बिट कपलिंग जबरदस्त, तिथे ट्रिप्लेटही प्रकाश देतो, म्हणून सिंगलेट-ट्रिप्लेटच्या वाटणीने फारसा फरक पडत नाही. आणि उरलेला एखाददुसरा टक्का डोळ्याला कळतही नाही.

बेंचवरून:
त्याच कॉइलमध्ये इरिडियमवालं एक डिव्हाइस ठेवून मोज. तिथे सिग्नल जवळपास गेला आणि एएलक्यू-थ्रीत टिकला, तर सेटअपबद्दल गाईडना वेगळं काही पटवावं लागणार नाही. ग्राफ आला की इथे टाक, बघायला आवडेल.